गाडीला पोचवायला

आमच्या घरातून कुणी बाहेर पडलं, की त्याला पोचवायला निदान एक माणूस जातोच. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात तो कळला. कोथिंबीर संपली होती म्हणून मी पिशवी घेऊन निघाले, तर माझ्यामागे नणंद, नणंदेमागे तिची मैत्रीण आणि त्यांच्यामागे कुत्रा, अशी वरात थांब्यावर आली. मला वाटलं, यांनाही बाजारात यायचंय. एसटी आली, मी चढले, आणि या दोघी खालीच उभ्या राहून हात हलवायला लागल्या. मी इतकी गोंधळले की मीही हात हलवला. गाडी भाट्याच्या पुलावर चढून दिसेनाशी होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. शेजारणी घरात एकमेकींना विचारत होत्या म्हणे, "नवी सून माहेरी चालली की काय? इतक्यात?"

मी दापोलीची. आमच्याकडे जाणाऱ्याला ओटीवरूनच "ये जाऊन" म्हणतात आणि ज्याच्या त्याच्या कामाला लागतात. आणि हो, आमच्याकडे रेल्वे नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमचे हे कुठल्याही नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना तेवढंच सांगतात. "ही आमची मंडळी. दापोलीची. यांच्याकडे रेल्वे नाही." जणू काही मला जन्मतः एक बोट कमी आहे.

पोचवण्याच्या नियमाचं मूळ मात्र गमतीचं नव्हतं. माझे सासरे बोटीवर होते. मालवाहू बोटींवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. एकदा गेले की घरी कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नसायचं. त्यामुळे ते निघाले की सगळं घर, निम्मी वाडी थांब्यावर जायची. जाणाऱ्याने मागे बघायचं नाही, आणि जाणारा दिसेनासा झाल्याशिवाय राहणाऱ्यांनी पाठ फिरवायची नाही, असं सासूबाई म्हणायच्या. सासरे निवृत्त होऊन घरी आले, सासूबाई गेल्या, पण नियम राहिला. समुद्रावर जाणाऱ्यासाठी केलेला नियम आम्ही कोथिंबिरीला लावत बसलो.

आमचं घर भाट्याच्या वाडीत, खाडीच्या मुखाशी, जरा उंचावर. पडवीत उभं राहिलं की समोर पाणी आणि पाण्यापलीकडे मांडवीची जेटी. अगदी समोर. पण जायचं तर पुलावरून वळसा घालून शहरात शिरायचं आणि मग पुन्हा समुद्राकडे यायचं. त्या जेटीवर सासऱ्यांचे दोन जुने सोबती रोज संध्याकाळी बसतात. दोघेही बोटीवरचेच. सासरे आपल्या स्कूटरवरून न चुकता जायचे. मग एक दिवस स्कूटर शेजाऱ्यांनी कुंपणासाठी आणून टाकलेल्या चिऱ्यांच्या ढिगावर चढली. सासऱ्यांना काही झालं नाही. त्यांचं म्हणणं, ढीग सकाळी तिथे नव्हता. शेजाऱ्यांचं म्हणणं, ढीग पावसाळ्याआधीपासून तिथेच आहे. ह्यांनी त्या दिवशी स्कूटरची किल्ली काढून घेतली.

तेव्हापासून घरात एक नवा प्रश्न सुरू झाला. "कुणी शहरात चाललंय का?" सासरे दुपारच्या चहानंतर इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसायचे आणि कुणाला उद्देशून नाही अशा बेताने हा प्रश्न हवेत सोडायचे. ह्यांना वेळ असला तर हे सोडायचे. नसला तर नाही. पावस गावाला जाणाऱ्या एसटी आमच्यावरून जातात, पण त्यांची पायरी उंच, आणि त्या मांडवीकडे वळत नाहीत. रिक्षाला सासऱ्यांचा विरोध. "मी काय पाहुणा आहे माझ्या गावात?" म्हणायचे.

मग ते आतून आपली बोटीवरची दुर्बीण घेऊन यायचे आणि जेटीवर लावायचे.

"आले दोघे," ते सांगायचे. मी तांदूळ निवडत असायचे. "भेळ घेतली. एकाला साखर आहे, तरी भेळ घेतली."

"भेळेत कुठे साखर असते, बाबा?"

"चिंच-गुळाची चटणी असते, सूनबाई. गूळ म्हणजे काय मीठ?" आणि थोड्या वेळाने, दुर्बीण खाली न करता, "माझी जागा मोकळी ठेवलीय बघ."

सगळं जग फिरून आलेला माणूस, आणि समोर दिसणाऱ्या जेटीवर जायला त्याला पोराची मर्जी सांभाळावी लागत होती. मला ते बघवायचं नाही. मी तांदळातले खडे फारच मन लावून शोधायचे.

आता मी स्वतःबद्दल थोडं सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि तो मी चारचौघांत बऱ्याचदा वर केलेला आहे. घरामागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. जेवण माझ्या हातचं. पाहुणे खूश असतात, पण ते येतात तेव्हा खूश नसतात. त्याचं कारण आमचं शहर. रत्नागिरीत रेल्वे स्टेशन गावाबाहेर, एसटी स्टँड गावात, समुद्र गावाच्या टोकाला, आणि या तिघांची एकमेकांशी बोलचाल नाही. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस बॅगा ओढत, विचारत विचारत आमच्या दारात यायचा तेव्हा त्याचा चेहरा असा असायचा, की मी आधी सरबत द्यायचे आणि मग नाव विचारायचे.

त्या वर्षी शहरातली वाहतूक सुधारायची म्हणून लोकांची मतं ऐकायला एक सभा ठेवली होती. आमच्या वाडीतल्या खोल्या देणाऱ्या आम्ही सगळ्या बायका गेलो. पोचवायला आमचे नवरे आले. व्यासपीठावर एक तरुण साहेब होते. बोलणं घाटावरचं, त्यामुळे ते नुसतं "बसा" म्हणाले तरी रागावल्यासारखं वाटायचं. बरेच जण बोलले. खड्डे, दिवे, पुन्हा खड्डे. मग शेजारच्या वहिनींनी मला कोपराने ढोसलं आणि मी उभी राहिले. घरी तयार केलेलं भाषण त्या क्षणी साफ पुसलं गेलं. तोंडात आलं ते बोलले.

"साहेब, आमच्या पाहुण्याला मुंबईहून रत्नागिरीला यायला काही त्रास होत नाही. रत्नागिरीहून रत्नागिरीला यायला होतो. आणि माझ्या सासऱ्यांना समोर दिसणाऱ्या जेटीवर जायचं असतं, तर त्यांना दुर्बीण लावावी लागते."

सभेत हशा झाला. मला वाटलं, मला हसले. मी घाईने खाली बसले ती वहिनींच्या पर्सवर, आणि आतला चष्मा मोडला. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "जेटी कुठली?"

पुढे गणपतीच्या थोडं आधी गाडी सुरू झाली. स्टेशन, मारुती मंदिर, स्टँड, मांडवी, मग पूल आणि आमचं भाट्ये. छोटीशी, पांढरी, बॅटरीवर चालणारी गाडी. पायरी इतकी खाली की सासऱ्यांचे गुडघे दुखायलासुद्धा विसरले. साहेबांनी वाडीत येऊन सांगितलं होतं, "सध्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालवून बघू. गावातले आणि बाहेरचे, दोघांनाही उपयोग झाला पाहिजे. मी स्वतः एक दिवस स्टेशनवरून बसून येईन. नाही जमलं, तर गाडी दुसरीकडे द्यावी लागेल."

ती दुसरीकडे जाऊ शकते, हे वाक्य वाडीत कुणाच्या कानात शिरलंच नाही. आम्ही नारळ फोडला, झेंडूची माळ घातली, चालकाला पेढा दिला. गाडीची एकच खोड होती, ती म्हणजे आवाज करायची नाही. पूर्वीची एसटी पुलापासून कण्हत यायची, आपण चहा संपवून, चपला शोधून थांब्यावर जायचो. ही मांजरासारखी यायची. पहिले काही दिवस निम्मी वाडी चुकामूक होऊन घरी परतली. मग चालकच वाडीच्या वळणावर भोंगा वाजवायला लागला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बरं केलंन हो. नाहीतर गाडी आहे की वारं, काय कळंना."

सासऱ्यांनी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट दुपारीच घातला. "कुणी शहरात चाललंय का?" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. काठी घेतली आणि सरळ फाटकाकडे निघाले. इथे आमच्याकडून घोळ झाला. नियमाप्रमाणे आम्ही पोचवायला थांब्यावर गेलो. हे, मी, शेजारच्या वहिनी, त्यांचे यजमान, त्यांच्याकडे आलेली बहीण. गाडी आली. सासरे चढले. आणि वहिनी म्हणाल्या, "गाडी परत इकडेच तर येणारे. जेटीपर्यंत पोचवूनच येऊ."

चढलो. आता यात वाईट काय होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. गाडी नवी होती, आमची होती. मांडवीला उतरलो, सासरे आपल्या सोबत्यांकडे गेले, आणि आम्ही जरा अंतर ठेवून दुसऱ्या बाकावर बसलो. भेळ खाल्ली. सासरे बोलता बोलता आमच्याकडे बघायचे, आम्ही हात हलवायचो. शेवटी ते उठून आले.

"मी जपानला गेलो तेव्हा एवढी माणसं नव्हती," ते म्हणाले. "हे दोघं विचारतायत, तुला काय झालंय? दवाखान्यातनं आलास काय?"

"बाबा, आम्ही आपलं समुद्र बघायला..."

"समुद्र? घराच्या पडवीतनं काय रेल्वे दिसते?"

त्या दिवसापासून त्यांना रोज कुणी ना कुणी जेटीपर्यंत पोचवायचं. ते चिडायचे, पण आम्ही प्रेमाने चिकाटी सोडली नाही. आणि हे आमच्या एकट्या घरात नव्हतं. गौरी-गणपती झाले, मुंबईचे चाकरमानी परत निघाले, तेव्हा तर कळस झाला. पूर्वी त्यांना थांब्यावरून निरोप द्यायचो. आता एका चाकरमान्याबरोबर चार-चार माणसं थेट स्टेशनपर्यंत जायची, गाडी सुटेपर्यंत रुमाल हलवायची आणि डोळे पुसत त्याच बसने परत यायची. वाडीत अभिमानाने सांगायचे, "स्टेशन आता काय, आपल्या अंगणात आहे!" बस रोज भरलेली. आम्हाला वाटायचं, वा! गाडी चालली! आतली अर्धी माणसं कुठेच चाललेली नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी सभेत बोलले होते!

दिवाळीच्या सुट्टीत साहेब येणार असल्याचं चालकाकडून कळलं. संध्याकाळच्या रेल्वेच्या वेळेला ते स्टेशनवरून आमच्या गाडीत बसणार होते. वाडीत लगेच बैठक बसली, आमच्याच पडवीत. सगळ्यांचं एकच म्हणणं, गाडी भरलेली दिसली पाहिजे. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर साहेब गाडी नेतील.

"सगळ्यांनी आधीच्या फेरीने स्टेशनवर जायचं," हे म्हणाले. "आणि साहेबांच्या फेरीला सगळ्यांनी बसायचं. एकही जागा रिकामी सोडायची नाही."

मला ही युक्ती फार आवडली. मी ह्यांच्याकडे लग्नातल्यासारखं बघितलं. सासरे झोपाळ्यावर होते. ते फक्त म्हणाले, "मला त्या फेरीला मांडवीला उतरायचंय. तेवढं बघा."

"हो, बाबा. बघतो की," आम्ही सगळे म्हणालो.

त्या दिवशी वाडीत राखणीलासुद्धा माणूस उरला नाही. गाडी आमच्या थांब्यावरच भरली. सासऱ्यांना मागच्या खिडकीपाशी मानाची जागा दिली. मांडवी आली. सासरे उठले, काठी सावरली, आणि दाराकडे बघितलं. मध्ये आख्खी वाडी उभी. "जरा सरका," ते म्हणाले. सरकणार कुठे? वहिनी म्हणाल्या, "बाबा, परतताना उतरा ना वो! आता सगळे बसलेत तर..." कुणीतरी दरवाजातून ओरडलं, "चला, चला, उशीर होतोय!" आणि गाडी आवाज न करता निघाली.

मी त्यांच्याजवळच उभी होते. खिडकीतून जेटी मागे गेली. दोघे सोबती बाकावर होते आणि मधली जागा मोकळी होती. सासरे खाली बसले आणि काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांच्यासाठी म्हणून मी सभेत मागितलेल्या गाडीत आम्ही त्यांनाच अडकवलं होतं. मला त्या क्षणी ते समजलं, पण खरं सांगते, अर्धवटच समजलं. उरलेलं स्टेशनवर समजलं.

स्टेशनला उतरून आम्ही सगळ्यांनी परतीची तिकिटं घेतली आणि पुन्हा गाडीत शिरून मिळेल त्या खुर्चीवर बसलो. साहेब आले, पुढे चालकामागे बसले. गाडी गच्च भरलेली बघून त्यांनी मान डोलावली. ह्यांनी मला खूण केली : बघ! तेवढ्यात रेल्वे आली. माणसं बाहेर यायला लागली. बॅगा, टोप्या, झोपलेली मुलं. ती आमच्या गाडीच्या दाराशी येऊन थांबली आणि आत बघायला लागली. आम्ही बाहेर बघत होतो. काही जण हसलोसुद्धा, पाहुणचार म्हणून.

माझा फोन वाजला.

"ताई, आम्ही आलो," पलीकडून बाईंचा आवाज. माझ्या खोल्या घेतलेलं कुटुंब होतं, विदर्भातलं. समुद्र पहिल्यांदाच बघणार होते. "तुम्ही म्हणालात ना, स्टेशनबाहेर पडलात की समोर गाडी, बसायला जागाच जागा? गाडी आहे, पण ताई, यातली माणसं उतरतच नाहीत हो. माझ्या आईला उभं राहवत नाही."

मी खिडकीतून बघितलं. समोर एक बाई कानाला फोन लावून उभी, शेजारी तिचा नवरा, आणि एक म्हाताऱ्या आजी बॅगेवर बसलेल्या. बाईने वर बघितलं. आमची नजरानजर झाली. दोघींच्या कानाला फोन.

"ताई, तुम्ही कुठे आहात?" तिने विचारलं.

"इथेच," मी म्हणाले. "तुमच्या जागेवर."

साहेब उठून मागे वळले. एकेकाकडे बघितलं. "यातले बाहेरगावचे किती?" त्यांनी विचारलं.

कुणी हात वर केला नाही.

"मग स्टेशनवर कुणाला आणायला आलात?"

"नाही, कुणाला नाही," ह्यांनी सांगितलं.

"पोचवायला?"

शेजारच्या वहिनींनी, त्यांना खोटं बोलता येत नाही म्हणून, सांगून टाकलं, "गाडीला, साहेब. आम्ही गाडीलाच पोचवायला आलो."

साहेबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नक्की सांगता येत नाही. ते दाराबाहेरच्या गर्दीकडे बघून हळू म्हणाले, "मग मी यांना काय सांगू?" घाटावरचा माणूस, पण या वेळी रागावल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्यामुळेच भीती वाटली. गाडी आता दुसरीकडे चालली, असं मला आत कळलं.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सासरे उभे राहिले होते. मी त्यांचा बोटीवरचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"भाट्याची सगळी माणसं खाली. आधी बायका, मग पुरुष. चला!"

आणि आम्ही उतरलो. विचारसुद्धा न करता, ओळीने. शेजारचे यजमान तर "हो साहेब" म्हणत उतरले. वहिनींच्या बहिणीने उतरता उतरता बाहेरच्या आजींची बॅग उचलून आत दिली. मी माझ्या पाहुणीच्या आईला हाताला धरून चढवलं आणि माझ्याच खुर्चीवर बसवलं. खुर्ची अजून गरम होती. आजी म्हणाल्या, "बाई, तुम्ही कुठे निघालात?" मी म्हटलं, "तुमच्या मागनं येतेय." गाडी बघता बघता परक्या माणसांनी भरली. बॅगा मांडीवर, मुलं खिडकीशी.

सासरे मात्र जागेवरच उभे होते. साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही भाट्याचे ना?"

"हो."

"मग?"

सासऱ्यांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं. "ते सगळे पोचवणारे," ते म्हणाले. "मी जाणारा. मांडवी."

आणि खाली बसले.

गाडी निघाली. आम्ही स्टेशनच्या आवारात उभे होतो, सगळी वाडी, सणाचे कपडे घालून. कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांचे हात वर गेले. सासऱ्यांनी मागे बघितलं नाही. जाणाऱ्याने मागे बघायचं नसतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग हे म्हणाले, "आता घरी जायचं कसं?" तोच प्रश्न घेऊन रत्नागिरीच्या स्टेशनवर कित्येक वर्षं लोक उभे होते. आज आमची पाळी होती.

पुढच्या फेरीत निम्मे आले, बाकीचे रिक्षांतून. मला सगळा रस्ताभर एकच घोर लागला होता. पाहुणे आधी पोचणार, वाडीत एक माणूस नाही, घराला कुलूप! घाम पुसत फाटकातून शिरले, तर पडवीतल्या झोपाळ्यावर आजी बसलेल्या. पाय वर घेऊन, समोरच्या पाण्याकडे बघत. आणि स्वयंपाकघरातून त्यांची लेक चहाची किटली घेऊन आली.

"या, ताई," ती म्हणाली. "चहा घ्या. साखर सापडली, आलं नाही सापडलं."

"पण किल्ली?"

"तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं ना. तुळशीमागच्या कुंडीखाली. वाटेत सगळं दाखवलं त्यांनी. ही खाडी, हा किल्ला, इथली मासळी चांगली, तिथली घेऊ नका. साहेबसुद्धा ऐकत होते. मग मांडवीला ते उतरले."

"एकटे?"

"हो. आम्ही म्हटलं, चला आमच्यासोबत. तर म्हणाले, माझी माणसं वाट बघतायत."

मी माझ्याच घरात पाहुणीसारखी बसून चहा प्यायले. चहा उत्तम होता. आल्याशिवायसुद्धा.

सासरे दिवेलागणीला आले. शेवटच्या फेरीने, एकटे. आम्हाला आणायला जायचं होतं, पण कुणाची हिंमत झाली नाही. फाटक उघडल्याचा आवाज आला आणि आम्ही सगळे कामात असल्याचं दाखवलं. हे तर वर्तमानपत्र वाचत होते. सासऱ्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, "पेपर उलटा धरलायस."

रात्री जेवताना ते इतके बोलले की माझी सुरमई संपली तरी पाहुणे उठले नाहीत. आजींनी विचारलं, तुम्ही सगळ्यात लांब कुठे गेला होतात? सासऱ्यांनी बरीच बंदरं सांगितली. मग भाताचा घास तसाच ठेवून म्हणाले, "पण आज गेलो तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं."

गाडी राहिली. सुट्टी संपल्यावर साहेबांनी तसा निरोप पाठवला, आणि सोबत एक विनंती, की वाडीने पोचवणं थांब्यापर्यंतच ठेवावं. ती विनंती आम्ही मान्य केली. कबूल करायला हवं, काहींना जड गेलं. वहिनींच्या यजमानांना अजून सवय नाही. पाहुणा चढला की त्यांचा एक पाय पायरीवर जातो आणि वहिनी त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढतात. पण आता स्टेशनवरून येणारे लोक हसऱ्या चेहऱ्याने दारात येतात. सरबत मी अजून देते, पण नाव आधी विचारते. दापोलीहून माझा भाऊ आला तेव्हा मी त्याला मुद्दाम स्टेशनपासून समुद्रापर्यंत फिरवून आणलं आणि म्हटलं, "ही आमची गाडी. मी मागितलेली." माझ्या माहेरी रेल्वे नसली तरी चालेल, सासरी मी गाडी आणलीय.

सासरे रोज जातात. आता कुणी पोचवायला जात नाही. तशी त्यांची ताकीद आहे, आणि आवाज बोटीवरचा आहे. ते फाटकाबाहेर पडले, भोंगा वाजला, गाडी पुलावर गेली, की मी पडवीत येते आणि दुर्बीण उचलते. पुलावर गाडी दिसते. मग थोडा वेळ काही नाही. मग जेटीच्या रस्त्यावर इस्त्रीचा शर्ट दिसतो, काठी दिसते, बाकावरचे दोघे सरकून बसलेले दिसतात. नियम असा आहे, की जाणारा दिसेनासा झाल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. पण दुर्बिणीतून माणूस दिसेनासा होतच नाही. परवा त्या नादात गॅसवरचं कालवण करपलं.

काल सासरे बाकावर बसले आणि मग एकदम पुन्हा उठले. जेटीच्या टोकाला आले. आमच्या घराकडे तोंड करून उभे राहिले आणि हात वर केला. मला भरून आलं. मीही हात वर केला, एका हाताने दुर्बीण सांभाळत. मग नीट बघितलं, तर ते हात हलवत नव्हते. पंजा पुढे ढकलून ढकलून खूण करत होते, आत जा, आत जा.

गेले आत. कालवण वेळेत उतरलं.